नदीत जळू कुठे राहते, कुठे नाही? मराठवाड्याच्या पाण्यातून समजून घेऊ

पोळा होऊन काही दिवस गेले, ओढ्याचं पाणी निवळलं, की डोहात डुंबून आलेल्या म्हशीच्या कासेला किंवा खुराच्या बेचक्यात काळपट हिरवी जळू चिकटलेली सापडते. मग पारावर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, पाणी सडलंय, वरच्या गावाचं गटार मिसळतंय. दुसरा म्हणतो, जळू आहे म्हणजे पाणी जितं आहे, औषध-फवारणीचं पाणी असतं तर ती टिकलीच नसती. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा, मांजरा, तेरणा आणि गोदावरी पात्र सोडून शेतात शिरल्या. पूर ओसरल्यावरही चरांत आणि सखल रानात पाणी साचून राहिलं. त्या पाण्यात सोयाबीन वाचवायला उतरणाऱ्याला हाच प्रश्न जरा जास्त जवळून पडतो: या पाण्यात जळू असेल का?

पारावरच्या दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे. पाण्याचा एखादा गुण पाहून जळू मुक्काम ठरवत नाही. पाणी किती पळतं, तळाला काय आहे, ऊन किती लागतं, खायला काय मिळतं, काठाची माती ओली राहते का, या सगळ्यावर तिचं राहणं अवलंबून असतं. मराठवाड्यात गंमत अशी, की यातल्या बहुतेक गोष्टी आता नदीच्या हातात उरलेल्या नाहीत. त्या बंधाऱ्याच्या दारांवर, वाळूच्या ठेक्यावर आणि जेसीबीच्या वेळापत्रकावर ठरतात.

जळू एकच नसते

जळू गांडुळाच्या नात्यातली. अंग वळ्यावळ्यांचं, तोंडाशी एक आणि शेपटाशी एक अशा दोन चोषक चकत्या. चालताना मागची चकती टेकवायची, अंग लांबवून पुढची टेकवायची, मग मागची ओढून घ्यायची. फुप्फुसं नाहीत आणि बहुतेकींना कल्लेही नाहीत. पाण्यात विरघळलेला प्राणवायू ती कातडीतून घेते. जगभरात तिच्या सातशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यातल्या बहुतांश गोड्या पाण्यात राहतात, थोड्या समुद्रात आणि काही दमट जंगलात जमिनीवर. कुर्ग-आगुंब्याच्या पावसाळी रानात बुटावर चढणारी जळू ती जमिनीवरची. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तिची कातडी सुकून जाईल, त्यामुळे अजिंठ्याच्या किंवा बालाघाटच्या डोंगरात फिरताना तिची काळजी करायचं कारण नाही.

नदीतल्या जळवांचे ढोबळ तीन गट करता येतात. पहिला गट रक्त पिणाऱ्यांचा. आपली गुरांची जळू, शास्त्रीय नाव हिरुडिनेरिया ग्रॅन्युलोसा, ही त्यातली. तिला तीन जबडे असतात आणि चावा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा उमटतो. दुसऱ्या गटातल्या जळवा लहान आणि चपट्या. दगडाच्या पोटाला चिकटून बसतात आणि सोंड खुपसून पाणगोगलगायी, कृमी यांचा रस शोषतात. ग्लॉसिफोनिया आणि हेलोब्डेला ही त्यांची घराणी. याच गटातल्या काही जाती मासे, बेडूक, कासवं यांच्या अंगावर जगतात. तिसरा गट सरळ गिळणाऱ्यांचा. बार्ब्रोनिया नावाची बारीक, चपळ जळू अळ्या आणि कृमी अख्खे गिळते. म्हणजे एखाद्या ओढ्यात दगड उलटल्यावर जळू दिसली, तर ती तुमच्या पायाला लागेलच असं नाही. बऱ्याच जणींना माणसात काडीचा रस नसतो.

म्हणून 'जळू कुठे राहते' असं विचारण्याआधी 'कुठली जळू' हे विचारावं लागतं. खाणं वेगळं की पत्ता वेगळा.

सगळ्या अटी एकदम लागतात

लातूरला शिकवणीसाठी आलेलं पोरगं खोली शोधतं तेव्हा भाडं बघतं, मेस जवळ आहे का बघतं, क्लासला चालत जाता येईल का बघतं, आणि नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे विचारतं. तीन गोष्टी झकास असल्या आणि पाणीच येत नसलं, तर ती खोली रिकामी राहते. जळवेचंही तसंच. प्राणवायू भरपूर, खाणं भरपूर, पण धरायला दगड नाही, तर तो टापू रिकामा. जी एक गोष्ट कमी पडल्याने बाकी सगळं वाया जातं, तिला पर्यावरणशास्त्रात 'मर्यादक घटक' म्हणतात. एकाच नदीवर हा घटक जागोजागी बदलतो. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

पाणी पळतं की थांबतं

बहुतेक जळवांना संथ पाणी लागतं. रक्त पिणाऱ्या मोठ्या जळवा अंगाला लाटा देत बऱ्यापैकी पोहतात, पण धारेविरुद्ध त्यांचा निभाव लागत नाही. चपट्या जळवा तर पोहायच्या भानगडीत क्वचितच पडतात. खळाळत्या पाण्यात टिकतात त्या दगडाच्या खालच्या बाजूला, जिथे धार पोचत नाही तिथे. अपवाद आहे माशांच्या अंगावर जगणाऱ्या काही जळवांचा. त्यांना वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी मानवतं.

आता गोदावरीकडे बघा. पैठणला १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झालं. त्याखाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी, आमदुरा, बळेगाव अशी बंधाऱ्यांची माळ थेट तेलंगणाच्या सीमेवरच्या बाभळीपर्यंत गेली आहे. पावसाळ्यात दारं उघडी, नदी धावते. पाऊस सरला की दारं खाली, नदी थांबते. बाभळीच्या बाबतीत तर हे तारखेनिशी ठरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं वर राहतात, त्यानंतर बंद होतात. म्हणजे वर्षातले चार महिने नदी आणि आठ महिने लांबुळका तलाव. पाण्यातल्या किड्यांना, जळवांना कॅलेंडर कळत नाही, पण धार कळते. खळाळावर जगणारे जीव अशा टापूतून मागे हटतात आणि संथ पाण्याच्या जळवांना, पाणगोगलगायींना, जलपर्णीला जागा होते.

पूर हा याच्या उलटा झटका. मोठा पूर दगड उलटेपालटे करतो, शेवाळ खरवडून नेतो आणि जळवा वाहून जातात. काही पात्राच्या कडेला, शेतातल्या साचलेल्या पाण्यात जाऊन पडतात. पूर ओसरल्यावर डबक्यात जळू दिसली तर तिथे ती बहुधा पाहुणी असते. डबकं आटलं की तिचाही मुक्काम संपतो.

वाळूत जळू का कमी?

चालायला चोषक चकती टेकवावी लागते, आणि चकती टेकायला कठीण, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. सुट्या वाळूवर चकतीची पकड बसत नाही. मऊ, लिबलिबीत गाळातही बसत नाही. शिवाय जळू उजेडाला बुजते. दिवसा ती दगडाखाली, पानाच्या मागे, बुडालेल्या लाकडाच्या फटीत असते आणि अंधार पडल्यावर हिंडते. म्हणून गोदावरीच्या वाळूच्या मोकळ्या पात्रापेक्षा डोंगराकडून उतरणाऱ्या दगडगोट्यांच्या ओढ्यांत, घाटाच्या पायऱ्यांखाली, जुन्या बंधाऱ्याच्या दगडी भिंतीला, पाणकणसाच्या आणि लव्हाळ्याच्या बुडख्यांत ती सापडण्याची शक्यता जास्त.

मग वाळूउपशाने जळवांचं काही बिघडत नाही का? बिघडतं, पण आडवाटेने. वाळू पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात डोहाला पाझर देते. ती उपसली की डोह लवकर आटतो. नदी आटल्यावर जळवांना, माशांना, कासवांना लपायला उरतो तो डोहच.

ऊन आणि प्राणवायू

थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. २० अंशांना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडची हवा ४२-४३ अंशांवर जाते, आणि गुडघाभर खोलीचं उघडं पाणीही चांगलंच तापतं. त्याच वेळी तापलेल्या अंगाला प्राणवायू जास्त लागतो. दुहेरी ओढाताण.

बऱ्याच किड्यांना हे झेपत नाही. जळवांना इतरांपेक्षा बरं झेपतं. प्राणवायू कमी पडला की जळू मागची चकती दगडाला घट्ट धरते आणि उरलेलं अंग पाण्यात हलवत राहते, म्हणजे कातडीवरून ताजं पाणी फिरतं. गुरांच्या जळवेच्या आणि गिळणाऱ्या जळवांच्या रक्तात हिमोग्लोबिनही असतं, तेच जे आपल्या रक्तात प्राणवायू वाहतं. चपट्या जळवांच्या रक्तात ते नसतं. त्यामुळे प्राणवायू सारखाच घटला तरी सगळ्यांचा निभाव सारखा लागत नाही.

काठावर झाड असलं की फरक पडतो. करंज, जांभूळ, उंबर यांची सावली असलेला डोह मे महिन्यातही तुलनेने थंड राहतो. आपल्या नद्यांचे काठ उसासाठी पार पाण्यापर्यंत नांगरून घेतल्यावर सावली गेली, हा त्यातला न मोजलेला तोटा.

जड पाण्याचा फायदा कुणाला?

मराठवाड्यातल्या घरात माठाच्या आणि हिटरच्या अंगावर पांढरा थर बसतो. आपलं पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. काळा पाषाण आणि काळ्या मातीतली चुनखडी यातून ते येतं.

ब्रिटनमध्ये के. एच. मान या प्राणिशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात तिथल्या तळ्या-ओढ्यांतल्या जळवांचा अभ्यास केला. जड, कसदार पाण्यात जळवा जास्त आणि मऊ, आम्लधर्मी पाण्यात कमी, असं त्याला दिसलं. यातला एक दुवा सोपा आहे. शंख बांधायला गोगलगायीला कॅल्शियम लागतं. जड पाण्यात पाणगोगलगायी फोफावतात, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या चपट्या जळवाही. या एका बाबतीत आपलं पाणी जळवांच्या बाजूचं आहे. त्या अटीवर खोली रिकामी राहायला नको.

मीठ मात्र वेगळं. गोड्या पाण्याच्या जळवेच्या अंगावर मीठ टाकलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती गळून पडते, हे प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे. क्षार फार वाढलेल्या पाण्यातही ती म्हणूनच टिकत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: काठाची ओली माती

हा भाग मी थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण मराठवाड्यात खरी मेख इथेच आहे.

जळू कोशात अंडी घालते. कोश म्हणजे अंड्यांभोवतीचं संरक्षक वेष्टन. हा कोश कुठे ठेवायचा याची प्रत्येक गटाची रीत वेगळी. चपट्या जळवा अंडी पोटाखाली धरून बसतात, त्यांच्यावर पाणी फिरवत राहतात, आणि पिल्लं बाहेर आल्यावर काही दिवस अंगाखाली वागवतात. गांडुळाच्या नात्यातल्या जीवाकडून एवढी माया अपेक्षित नसते, पण आहे. गिळणाऱ्या जळवा आपला चपटा कोश दगडाला नाहीतर पानाला चिकटवून मोकळ्या होतात.

गुरांची जळू मात्र कोश पाण्यात ठेवतच नाही. ती पाण्याबाहेर येऊन काठाच्या ओल्या मातीत शिरते आणि तिथे कोश घालते. भारतात तिचा मीलनाचा काळ साधारण मार्च-एप्रिल आणि कोश घालण्याचा काळ एप्रिल ते जून. पंधराएक दिवसांत पिल्लं बाहेर पडतात आणि पाण्याकडे सरकतात. या मातीला दोन अटी: ती ओली हवी, पण पाण्याखाली गेलेली नको. आणि ती मोकळी, भुसभुशीत हवी.

आता आपल्या नदीकाठाचा एप्रिल ते जून आठवा. खोलीकरण, रुंदीकरण, गाळ काढणं ही सगळी कामं नेमकी याच महिन्यांत होतात, कारण पात्र कोरडं असतं. जलयुक्त शिवार राज्यभर सुरू झालं, मग २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार आलं. पाण्यासाठी तडफडणाऱ्या गावाने हे काम करू नये असं कोणी म्हणणार नाही. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे विसरता येत नाही. पण खोलीकरणानंतर ओढ्याचं रूप काय होतं ते बघा. उतरता, झाडोऱ्याचा, ओलसर काठ जाऊन तिथे उभी कापलेली भिंत येते. ती आठ दिवसांत वाळून दगड होते. जळवेला चढता येत नाही, चढली तर ओल नाही, आणि आधीच घातलेले कोश ट्रॉलीत भरून शेतात गेलेले असतात. पाणी वाढतं, पण त्या पाण्याला काठ राहत नाही.

धरणाच्या काठाची अडचण निराळी. जायकवाडीचा नाथसागर मैलोन्‌मैल पसरलेला, पण उथळ. पाणी थोडं उतरलं तरी काठ बराच मागे सरकतो. एप्रिलमध्ये ओल्या मातीत घातलेला कोश मे महिन्यात भेगाळलेल्या चिखलात उघडा पडू शकतो. त्यामुळे एवढा अफाट जलाशय असूनही त्याची उघडी, सरकती कड रक्त पिणाऱ्या जळवांना फारशी सोयीची नाही. त्यापेक्षा वर्षभर पाझर असलेला एखादा कालव्याकाठचा चर बरा.

जळू आहे म्हणजे पाणी घाण, असं समजायचं का?

अर्धं हो. शहराचं सांडपाणी मध्यम प्रमाणात मिसळलं की गाळात बारीक लाल कृमी आणि लाल अळ्या बेसुमार वाढतात. हे अळ्या-कृमी गिळणाऱ्या आणि शोषणाऱ्या जळवांचं खाणं. शिवाय प्राणवायू घटल्याने जळवा खाणारे बरेचसे मासे निघून गेलेले असतात. खाणं मुबलक, वैरी कमी. त्यामुळे सांडपाण्याच्या तोंडापासून थोडं खाली जळवांची संख्या वाढते, हे जगभर अनेक नद्यांवर दिसून आलं आहे.

यावरूनच नदीची तब्येत किड्यांवरून ओळखायची एक पद्धत ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात बसवली गेली. प्रत्येक किड्याच्या कुळाला १ ते १० गुण. स्वच्छ, थंड पाण्याशिवाय न जगणाऱ्यांना १०, सांडपाण्यातल्या कृमींना १, लाल अळ्यांना २. जळवांच्या बहुतेक कुळांना ३ गुण, आणि माशांवर जगणाऱ्या जळवांना ४. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीची पद्धत भारतीय नद्यांसाठी घेतली. म्हणजे जळू तळाच्या बाकावर आहे, पण अगदी शेवटच्या नाही.

आणि उरलेलं अर्धं नाही. पाण्यातला प्राणवायू पूर्ण संपला, पाणी काळं पडून सडक्या अंड्याचा वास येऊ लागला, कारखान्याची मळी उतरली, की जळवाही मरतात किंवा निघून जातात. तांब्याचे क्षार त्यांना फार लवकर मारतात. म्हणून खाम किंवा सुखना नदीच्या सगळ्यात काळ्या टप्प्यात जळू दिसत नसेल, तर त्यावरून पाणी शुद्ध आहे असा निष्कर्ष काढणारा माणूस फसेल. तिथे जळू असण्याइतकंही पाणी चांगलं राहिलेलं नसतं.

ही दुहेरी ओळख फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जळवांचे १२ प्रकार सांगितले आहेत, सहा विषारी आणि सहा निर्विष. कुजलेले मासे, बेडूक, मलमूत्र पडलेल्या पाण्यात विषारी आणि कमळं-शेवाळ असलेल्या निर्मळ पाण्यात निर्विष, असं तिथे त्यांचं राहणं दिलं आहे. विषारी-निर्विष ही विभागणी आजच्या प्राणिशास्त्रात तशीच बसत नाही. पण रक्तमोक्षणाला, म्हणजे जळू लावून रक्त काढण्याच्या उपचाराला, जळू निवडण्याआधी ती कुठल्या पाण्यात राहते ते बघा, हा सल्ला आजही मोडीत काढण्यासारखा नाही. कॅनडातल्या संशोधकांना १९८० च्या दशकात दिसलं, की पाण्यातली काही औद्योगिक रसायनं जळवेच्या अंगात इतर जीवांपेक्षा जास्त साठतात आणि बराच काळ राहतात. म्हणजे जिथलं पाणी, तिथली जळू.

पूर्वी होत्या, आता का दिसत नाहीत?

पन्नाशीच्या पुढच्या माणसाला विचारा, तो हमखास म्हणेल की लहानपणी ओढ्यात जळवा फार होत्या. यात आठवणीची अतिशयोक्ती धरली तरी कारणं समजण्यासारखी आहेत. गुरांच्या जळवेला गुरं पाण्यात उतरावी लागतात. आता घरोघरी बोअरवर हौद आहे, म्हैस ओढ्यापर्यंत जातच नाही. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला. मोठी जळू एका पोटभर रक्तावर कित्येक महिने काढते, म्हणून गुरं कमी झाल्यावर लगेच ती संपत नाही. पण पिल्लांना बेडूक-मासे आणि मोठ्यांना गुरं असा साखळीचा एखादा दुवा तुटला की पुढची पिढी उभी राहत नाही. युरोपातल्या औषधी जळवेच्या घसरणीमागे, ओलसर जागा भरून काढण्याबरोबर, गुरं तळ्यावर पाण्याला जाणं बंद झालं हेही एक कारण मानलं जातं.

दुसरं कारण दुष्काळ. २०१२-१३ आणि पुन्हा २०१४ ते २०१६ मध्ये मराठवाड्याचे ओढेच काय, मोठी धरणंही तळाला गेली. काही जळवा ओल्या चिखलात शिरून कोरडे महिने काढतात, पण चिखलाची ढेकळं झाली की त्यांचाही इलाज चालत नाही. अशा वर्षानंतर ओढा पुन्हा जळवांनी वसायचा तर वरच्या अंगाला एखादा न आटलेला डोह हवा. नाहीतर त्या दुसरीकडून यायला हव्यात, माशाच्या, कासवाच्या, पाणपक्ष्याच्या अंगाला चिकटून. नाथसागरावर हिवाळ्यात उतरणारी बदकं असे प्रवासी नकळत वाहून नेऊ शकतात.

संपल्या तर बरंच की!

म्हशीच्या कासेची जळू उपटणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. पण आधी सांगितलं तसं, नदीतल्या बऱ्याच जळवा म्हशीच्या वाटेला जात नाहीत. त्या अळ्या, कृमी, गोगलगायी खातात आणि स्वतः मरळ-शिंगाड्यासारख्या माशांचं, पक्ष्यांचं खाणं होतात. ओढ्यात तुरटी-मोरचूद टाकून सगळ्या जळवा मारण्याचा उपाय म्हशीची एक तक्रार मिटवेल आणि मासे, बेडूकही घेऊन जाईल. तो कोणी करू नये.

औषधाचा हिशेब वेगळा. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, हे जॉन हेक्राफ्ट याने १८८४ मध्ये दाखवलं. त्याला हिरुडिन म्हणतात. तुटलेलं बोट परत जोडल्यावर साचलेलं रक्त उतरवायला आजही शल्यचिकित्सक जळू वापरतात आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्याला मान्यता दिली. या उपयोगाने जळवेचं भलंच झालं असं मात्र नाही. फ्रान्सने १८३३ या एका वर्षात ४ कोटींहून अधिक जळवा बाहेरून मागवल्या होत्या. त्या उपशाचा युरोपातल्या तळ्यांना मोठा फटका बसला.

चावलीच तर?

घाबरून ओढू नका. बारीक टोकाकडे, म्हणजे तोंडाकडे, नख कातडीला सपाट लावून चकती सरकवा, मग मागची सोडवा. तंबाखू, चुना, मीठ, काडीची आग यांनी ती सुटते, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकू शकते आणि तिच्या पोटात जिवाणू असतात. जखम साबणाने धुवा, स्वच्छ फडकं दाबून धरा. रक्त काही तास झिरपत राहिलं तरी ते हिरुडिनचं काम आहे, विषाचं नाही. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा ओढ्याचं पाणी थेट पिताना जळू नाकात-घशात गेली असेल, तर घरगुती खटाटोप न करता दवाखाना गाठा. जनावराच्या नाकातून सारखं रक्त येत असेल तर पशुवैद्याला नाकपुडी तपासायला सांगा.

आपला ओढा कसा वाचायचा

दिवाळीच्या सुमाराला पाणी निवळलेलं आणि धार उतरलेली असते. तेव्हा घोट्याएवढ्या पाण्यातले आठ-दहा दगड उलटून बघा. एकट्या जळवेवरून काही ठरवू नका, शेजारी कोण आहे ते बघा. चपट्या जळवांसोबत पाणगोगलगायी, झिंगे, चतुराच्या अळ्या, शेपटीला तीन तंतू असलेल्या माशीच्या अळ्या असतील, तर ओढा चांगला आहे. जळवांसोबत नुसत्या लाल अळ्या आणि लाल कृमी असतील, तर वर कुठेतरी सांडपाणी उतरतंय, काठाने चालत जाऊन तोंड शोधा. फक्त कृमी असतील आणि जळूही नसेल, तर ते पाणी गुरांना दाखवू नका. आणि दगडाखाली काहीच नसेल, पाणी मात्र नितळ असेल, तर ओढ्यात नुकतंच मशीन फिरलंय का हे आधी विचारा.

पाहून झाल्यावर दगड होता तसाच पालथा ठेवायचा. कोश खालच्या बाजूला चिकटलेले असतात आणि उघड्या उन्हात ते तासाभरात वाळू शकतात.